स्कॅन केलेल्या परिपत्रकाचा इतिहास

नगर जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि जिल्ह्यातच, राहुरीला, महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. पतिपत्नी दोघांच्या नावाची विद्यापीठे अशी एका जिल्ह्याच्या वाट्याला आली आहेत. या नावांचा नगरशी असलेला संबंध नामकरणाच्या कोणत्याही ठरावापेक्षा जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी नगरला येऊन पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात, भिडे वाड्यात, आपली शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले तेही फरारबाईंच्या हाताखाली, नगरमध्ये.

त्या काळी मुलींनी शिकू नये असा कायदा नव्हता. रूढी होती, आणि ती इतकी अंगवळणी पडलेली होती की पंतोजींची शाळा भरवताना तिथे एखादी मुलगी येईल हा विचारच कोणाच्या मनाला शिवत नसे. विरोध उफाळला तो नंतर, मुली खरोखर येऊ लागल्यावर. आजच्या विद्यापीठांच्या संकेतस्थळांकडे पाहताना हे आठवते. अंध विद्यार्थ्याला मज्जाव करा, असे कोणत्याही कुलसचिवांनी ठरवलेले नाही. संकेतस्थळ बांधणाऱ्याच्या आणि त्यावर रोज कागद चढवणाऱ्याच्या मनात तो विद्यार्थी आलेलाच नसतो, इतकेच. पण प्रवेश, परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, शिष्यवृत्ती, निकाल आणि पुनर्मूल्यांकन हे सगळे ज्या एका दारातून होते ते दार आता संकेतस्थळ हेच आहे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात जामखेडच्या विद्यार्थ्याला पुण्यातले विद्यापीठ दीडशेहून अधिक किलोमीटर लांब पडते. खिडकीवर जाऊन विचारून येतो, असे म्हणण्याची सोय धडधाकट मुलालाही नाही.

अंधांच्या शिक्षणाची महाराष्ट्रातली सुरुवात याच अमेरिकन मिशनशी जोडलेली आहे. १९०० च्या भयंकर दुष्काळाच्या सुमारास मिस ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. पुढे ती दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. या शाळांनी केलेले काम मोठे, पण ते देणगीवर आणि दयाबुद्धीवर उभे होते. अंध मुलाला वेगळी शाळा, वेगळी लिपी आणि बहुधा वेताच्या विणकामाचा वेगळा धंदा, अशी ती रचना होती. विद्यापीठ तिच्यात बसत नव्हते.

जे थोडे लोक या चौकटीबाहेर विद्येपर्यंत पोचले, ते दुसऱ्याच्या आवाजावर पोचले. अमरावतीकडचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले, तरी त्यांची ग्रंथरचना शंभरावर जाते. लोक वाचून दाखवत, ते ऐकत. ते सांगत, लोक लिहून घेत. मराठीत सांगून लिहवून घेण्यात कमीपणा कधीच नव्हता. नेवाशाला, म्हणजे याच जिल्ह्यात, ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, त्यावर आपल्या भाषेचा सगळा डोलारा उभा आहे. पण गुलाबराव महाराजांभोवती शिष्य होते. पाथर्डीच्या वसतिगृहातल्या पोराभोवती कोण असणार? त्याचा निकाल ई-सेवा केंद्रावरचा मुलगा आधी वाचतो, मग त्याला सांगतो. त्याचा पासवर्ड केंद्रवाल्याला पाठ असतो. अर्जात कोणता विषय टाकला, जातीच्या रकान्यात काय निवडले, ओटीपी कुठे वापरला, सगळे परक्याच्या भरवशावर. वाचून दाखवणारा भला असेल तर ठीक; नसेल तर तक्रारीचा अर्जही त्यालाच भरायला सांगावा लागणार.

ब्रेलने काही अंशी ही पराधीनता कमी केली. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धत ठरली आणि मराठीची सहा ठिपक्यांत सोय झाली. तरी ब्रेलमधला मजकूर जाडजूड, महाग आणि विरळच राहिला. स्वागत थोरातांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठीतले ब्रेल पाक्षिक सुरू केले ते साल २००८ आहे, यावरून वेग लक्षात यावा. फरक पडला तो संगणक बोलू लागल्यावर. १९९५ मध्ये विंडोजवर चालणारा जॉज हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा मंजूर केला. या तिन्ही गोष्टींना एकमेकींचा पत्ता नव्हता. कायद्यात रस्त्यावरचे सिग्नल, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि स्वच्छतागृहे आली. संकेतस्थळाचा उल्लेख येणे शक्यच नव्हते.

मराठी विद्यार्थ्याच्या वाट्याला मात्र आणखी एक अडचण आली. इंग्रजी वाचणाऱ्या अंधाला ती कधी भोगावी लागली नाही आणि आपल्याकडे तिची चर्चाही फारशी झाली नाही. तिचे मूळ छापखान्यात आहे. नगरमधूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक निघू लागले. तेव्हा मराठी अक्षर म्हणजे शिशाचा खिळा होता. जुळाऱ्याने खिळा उचलायचा, ओळीत बसवायचा, शाई लावायची आणि दाबायचे. खिळ्याला फक्त आकार असतो. तो ‘क’ आहे हे खिळ्याला ठाऊक नसते. वाचणाऱ्याच्या डोळ्याला ठाऊक असते, आणि तेवढे पुरते. दीडशे वर्षांनी डीटीपी आले तेव्हा आपण ही सवय जशीच्या तशी संगणकात नेली. १९९० च्या दशकातल्या बहुतेक मराठी फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. पडद्यावर सुबक ‘परीक्षा’ दिसायची, पण यंत्राच्या पोटात असायची ती रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी. फाँट असेल त्याला मराठी दिसे, नसेल त्याला कचरा. स्क्रीन रीडर अक्षराचा आकार पाहत नाही; पोटात काय आहे तेच वाचतो. म्हणून डोळस प्राध्यापकाला स्वच्छ मराठी दिसणारी सूचना अंध विद्यार्थ्याला स्वल्पविराम, टक्केचिन्ह आणि निरर्थक रोमन अक्षरांचा पाढा म्हणून ऐकू येत असे.

हे अज्ञानापोटी झाले म्हणावे तर तसेही नाही. भारतीय लिप्यांच्या अक्षरांना यंत्रात ठरलेला क्रमांक देणारे राष्ट्रीय मानक १९९१ मध्ये आले होते आणि त्याच वर्षीच्या युनिकोड या जागतिक मानकाच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. सी-डॅकसारखी सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ पासून पुण्यातच होती. उपाय शेजारी तयार होता. कार्यालये मात्र सवयीच्या फाँटमध्येच टंकत राहिली, कारण छापून आलेला कागद चांगला दिसत होता आणि कागद हाच आपल्या कारभाराचा शेवटचा मुक्काम मानला जात होता. कारभारातली मराठी युनिकोडमध्ये यायला पुढे कितीतरी वर्षे गेली. तोवर मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर सुरू केला होता. तो फुकट होता, आणि हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसाठी हीच त्याची सर्वांत मोठी गोष्ट होती. त्यासोबतचा ई-स्पीक हा आवाज मराठीही बोलतो, यंत्रासारखा सपाट, पण बोलतो. आता साध्या अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅकसुद्धा मराठी वाचतो.

आता मजकूर युनिकोडमध्ये आला आणि वाचणारे यंत्र मुलाच्या खिशात आले म्हटल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. इथेच आपले परिपत्रक आडवे येते. ते कसे जन्मते ते बघा. परीक्षा विभागातला लिपिक संगणकावर, युनिकोडमध्ये, परिपत्रक टंकतो. या क्षणी ते जगातल्या कोणत्याही स्क्रीन रीडरला वाचता येईल असे असते. मग त्याची प्रत छापली जाते. तिच्यावर जावक क्रमांक पडतो, साहेबांची सही होते, गोल शिक्का उमटतो. मग तो कागद स्कॅनरवर, बहुधा किंचित तिरका, ठेवला जातो आणि त्याचे चित्र पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढते. चित्रात अक्षर नसते. विद्यार्थ्याचा फोन ते उघडतो आणि गप्प बसतो. जे अक्षर यंत्रात होते ते कार्यालयाने स्वतःच्या हाताने, पगारी वेळेत, कागद आणि विजेचा खर्च करून नाहीसे केले. सरकारी खर्चाने होणारी इतकी नेटकी नासाडी दुसरी दाखवणे कठीण.

सही-शिक्क्याशिवाय कागदाला किंमत नाही, हा यामागचा समज आहे. फायलींच्या राज्यात तो खराही होता. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला २००० सालीच मान्यता दिली. ती सोय नको असेल, तर सहीचा स्कॅन खुशाल ठेवावा आणि शेजारी मूळ मजकुराची फाइल चढवावी. लिपिकाला यासाठी एक मिनिट जास्त लागेल. शिवाय हा केवळ सौजन्याचा मामला उरलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याखालचे नियम जून २०१७ मध्ये आले. त्यातल्या पंधराव्या नियमात म्हटले होते की संकेतस्थळे भारत सरकारच्या संकेतस्थळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे असावीत आणि त्यांवरचे दस्तऐवज ई-पब किंवा अक्षर ओळखता येईल अशा पीडीएफमध्ये असावेत. म्हणजे तिरक्या स्कॅनची गोष्ट थेट देशाच्या नियमपुस्तकात पोचली होती. पुढे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे डिजिटल सुगम्यतेचे मानक २०२३ मध्ये नियमांत समाविष्ट झाले. नियमांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता.

पीडीएफ हा सर्वांत मोठा अडसर आहे, एकमेव नाही. चित्रातली वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहा असे सांगणारा कॅप्चा अंधाला ‘तू माणूस नाहीस’ असेच सांगतो. अर्जातल्या रकान्याला नाव जोडलेले नसेल तर स्क्रीन रीडर नुसते ‘एडिट, एडिट, एडिट’ म्हणतो. त्यात आईचे नाव लिहायचे की बैठक क्रमांक, हे देव जाणे. फक्त माऊसने उघडणारा मेनू हाताची थरथर असलेल्याला आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्याला उघडत नाही. दहा मिनिटांत आपोआप बंद होणारा अर्ज सावकाश टंकणाऱ्याला पुन्हा पहिल्या पानावर आणून सोडतो. परीक्षेच्या दालनात हेच विद्यापीठ त्याच विद्यार्थ्याला तासाला २० मिनिटे जादा देते, लेखनिक देते. पण लेखनिक मागण्याचा नमुनाच जर चित्ररूप पीडीएफमध्ये असेल, तर ती सवलत मागायला आधी लेखनिक शोधावा लागतो. आणि हे पान मराठीत आहे अशी खूण पानाच्या कोडमध्ये नसेल, तर इंग्रजी आवाज देवनागरी सरळ गिळून पुढे जातो.

उलट पानाच्या कोपऱ्यात लहान-मोठ्या ‘अ’ची तीन बटणे बसवून संस्था निश्चिंत होतात. ज्याला अक्षर मोठे हवे असते त्याने ते आपल्या फोनवर आधीच मोठे केलेले असते, आणि ज्याला दिसतच नाही त्याला या बटणांचा उपयोग शून्य. ही बटणे पाहणी करायला आलेल्या समितीसाठी असतात.

राहुरीचा विचार केला की ही बाब आणखी पसरते. कृषी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फक्त विद्यार्थी येत नाहीत. ‘फुले’ नावाच्या वाणांचे बियाणे, ज्वारी-उसाच्या शिफारशी, हवामानाचा सल्ला शोधत शेतकरी येतो. त्याला मोतीबिंदू असेल, यंत्रात बोटे गेलेली असतील, उन्हात पडद्यावरची फिकट राखाडी अक्षरे दिसत नसतील. तो स्वतःला दिव्यांग म्हणवून घेत नाही, जनगणनेत तसे सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. त्यानंतरच्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि नवी जनगणना रखडली. त्यामुळे ‘आमच्याकडे अंध विद्यार्थी आहेतच किती’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज आम्हाला वाटत नाही. भिडे वाड्यातही पहिल्या दिवशी मुली मोजक्याच होत्या.

खर्चाची सबबही जुनी आहे. सिडनी ऑलिंपिकचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही म्हणून ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी ऑस्ट्रेलियात तक्रार केली. दुरुस्तीला प्रचंड पैसा आणि वेळ लागेल, असे आयोजकांनी सांगितले. तज्ज्ञांनी हे काही आठवड्यांचे काम ठरवले. ऑगस्ट २००० मध्ये निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने लागला आणि आयोजकांना २० हजार डॉलर भरावे लागले. दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे, कारण ते विद्यापीठाचे आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाची फुकट व्याख्याने बहिऱ्यांना समजत नाहीत, त्यांना अक्षरपट्ट्या नाहीत, अशी तक्रार झाली. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०१६ मध्ये ती उचलून धरली. विद्यापीठाने काय करावे? मार्च २०१७ मध्ये २० हजारांहून अधिक चित्रफिती सर्वांसाठीच बंद करून टाकल्या. बहिऱ्यांना देता येत नाही, तर कोणालाच नको. अखेर २०२२ मध्ये न्यायालयात तडजोड होऊन विद्यापीठाने चित्रफितींना अक्षरपट्ट्या द्यायचे मान्य केले. आपल्याकडे उद्या सक्ती झाली की जुनी परिपत्रकेच काढून टाका, असा शहाणा सल्ला देणारे निघतील. त्यांना बर्कलीची गोष्ट सांगावी. वीस वर्षांचा स्कॅनचा ढीग एका रात्रीत कोणी उपसा म्हणत नाही. नवा कागद आजपासून नीट चढवावा, प्रवेश-परीक्षा-शिष्यवृत्तीचे चालू कागद आधी घ्यावेत आणि जुन्यातला जो कोणी मागेल तो टंकून द्यावा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पळवाट बुजवायला बराच वेळ घेतला, पण बुजवली. राजीव रतूडी हे दृष्टिहीन. सुगम्यतेसाठीची त्यांची याचिका २००५ ची. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने पंधरावा नियमच कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा बंधन सांगत होता आणि नियम निरनिराळ्या मार्गदर्शिकांकडे बोट दाखवून ते ऐच्छिक करत होता. किमान निकष सक्तीचे करा, त्यासाठी तीन महिने, असा केंद्राला आदेश झाला. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांचा प्रश्न होता: केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, डोळे मिचकावा म्हणणाऱ्या यंत्रापुढे त्यांनी काय करायचे? डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालय म्हणाले. देशातला पहिला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढणाऱ्या महाराष्ट्राने याची वाट पाहायला नको होती.

आमचे म्हणणे असे की विद्यापीठांनी हे काम संकेतस्थळाच्या ठेकेदारावर टाकून मोकळे होऊ नये. ठेकेदार एकदा पान नीट करून देईल, प्रमाणपत्र आणून देईल. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता परीक्षा विभागातून पहिला स्कॅन चढला की ते प्रमाणपत्र खोटे पडते. सुगम्यता बिघडते ती लिपिकाच्या टेबलावर, आणि दुरुस्तही तिथेच होते. म्हणून व्यवस्थापन परिषदेने जावक नोंदीचा नियम बदलावा: मजकुराच्या फाइलशिवाय कोणतेही परिपत्रक संकेतस्थळावर चढणार नाही, मग सही कोणाचीही असो. निविदेत अट घालावी की विद्यापीठाच्याच दिव्यांग विद्यार्थ्यांनी अर्ज भरून, हॉल तिकीट उतरवून पाहिल्याशिवाय बिल निघणार नाही, आणि त्या मुलांना या कामाचे मानधन द्यावे. नगर शहरात दिव्यांग तरुणांच्या शिक्षणासाठी काम करणारी अनामप्रेमसारखी संस्था आहे. तपासायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न तरी विद्यापीठाला पडू नये. अधिसभेच्या सदस्यांनी पुढच्या बैठकीत एवढेच विचारावे, की गेल्या महिन्यात चढवलेल्या परिपत्रकांपैकी किती फोनला वाचता आली.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ४६ व्या कलमाने सेवा देणाऱ्या संस्थांना नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली होती. ती जून २०१९ मध्ये संपली.